राजदूत ३५०च्या सोनेरी रिम आणि सोलापूरचं पाणी

एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून फरीदाबादला बनवलेली राजदूत ३५० म्हणजे यामाहाच्या आरडी ३५०ची भारतीय बहीण. कारखान्यातून ती क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर यायची. माझ्या मामांच्या गाडीला मात्र जपानी डी. आय. डी. कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या सोनेरी रिम आहेत. मामांनी त्या ऐन उमेदीत मुंबईहून मागवून घेतल्या होत्या. गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, टाकीचा रंग बरा होता, पण रिमकडे बघवत नव्हतं. गाडी वर्षानुवर्षं अंगणात एकाच बाजूनं उभी राहिलेली. उन्हाकडची बाजू फिकट राखाडी पडली होती, भिंतीकडच्या बाजूला पिवळट छटा तेवढी उरली होती. स्पोकच्या निपलभोवती, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांभोवती, पांढरी भुकटी जमली होती आणि तिच्याखाली बारीक खड्डे पडले होते.

गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळाले. एक, सोनेरी स्प्रे मारून टाका. दोन, पावडर कोटिंग करून घ्या. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण दोन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत. स्प्रेचा रंग निपल आवळताना तिथल्या तिथं उडतो. पावडर कोटिंग टिकाऊ असतं, पण त्याचा थर साठ-सत्तर मायक्रॉनच्या पुढं जातो. धातूची स्वतःची चमक त्याखाली पार झाकली जाते आणि रिमवरचा ठसाही बुजतो. या रिमवर ‘डी. आय. डी., जपान’ आणि मापाचा ‘१.८५ × १८’ असा ठसा आहे. तो बोटाला लागतो, नजरेला दिसतो. तो गेला तर मामांच्या रिममध्ये आणि बाजारातल्या कुठल्याही रिममध्ये फरक काय राहिला?

ॲनोडायझिंग ही वेगळीच गोष्ट आहे. तो बाहेरून चढवलेला लेप नसतो. ॲल्युमिनियमचा तुकडा गंधकाम्लाच्या द्रावणात बुडवून त्याला वीजप्रवाहाचं धन टोक जोडलं की धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलत जातो. हा थर काचेसारखा पारदर्शक आणि धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी उभी, सूक्ष्म छिद्रं असतात. रंग या छिद्रांत उतरतो आणि शेवटी गरम पाण्यात छिद्रांची तोंडं मिटवली जातात, त्याला सीलिंग म्हणतात. म्हणून सोनेरी ॲनोडायझिंगमधून खालचा धातू लखलखताना दिसतो, तसा कुठल्याही पेंटमधून दिसत नाही. ही पद्धत जुनी आहे. गंधकाम्लाच्या प्रक्रियेचं पेटंट गोवर आणि ओ’ब्रायन यांनी १९२७ साली ब्रिटनमध्ये घेतलं होतं आणि आजही जगभर मुख्यतः तीच वापरतात.

याचा दुसरा अर्थ असा, की उडालेल्या ॲनोडायझिंगवर ठिगळ लावता येत नाही. जुना थर पूर्ण काढायचा, उघड्या धातूपर्यंत जायचं आणि नवा थर वाढवायचा, एवढाच मार्ग उरतो.

ॲनोडायझिंगचे मोठे कारखाने खिडक्या-दारांच्या लांबलचक सेक्शनवर चालतात. दोन रिमसाठी टाकी अडवायला कोणी तयार होईना. एका ठिकाणी हो म्हणाले, पण त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं माल बराच वेळ कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात राहणार होता. त्यानं रिम मॅट झाली असती, चमक गेली असती. शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीतला माझा एक मित्र मदतीला आला. त्याचं जस्ताच्या प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, यंत्रमागाचे सुटे भाग आणि नट-बोल्ट तिथं येतात. रेक्टिफायर (एकाच दिशेचा वीजप्रवाह देणारं यंत्र), लेडचे म्हणजे शिशाचे पत्रे, नायट्रिक ॲसिड, धुण्याच्या टाक्या आणि सांडपाणी उदासीन करायची सोय, सगळं त्याच्याकडं होतं. ॲनोडायझिंग त्यानं कधी केलं नव्हतं, पण ॲसिड कसं हाताळायचं हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. हे काम घराच्या गच्चीवर करायचं नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. कॉस्टिक, नायट्रिक आणि गंधकाम्ल या तिन्हींशी गाठ आहे. डोळ्यांवर गॉगल, अंगावर रबरी ॲप्रन, हवा खेळती आणि शेजारी वाहतं पाणी, एवढं नसेल तर कोणी या वाटेला जाऊ नये.

चाकं उतरवून टायर काढले आणि पहिल्याच झटक्यात एक ठेवा हाती लागला. रिमच्या आत, निपलवरच्या रबरी पट्टीखाली मूळ सोनेरी रंग जसाच्या तसा होता. तिथं ना ऊन पोचलं होतं ना चिखल. बाहेरच्या फिकट कडेशेजारी ती सोनेरी पट्टी बघितल्यावर रिम नव्या असताना कशा दिसत असतील हे पहिल्यांदा समजलं. मामांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘‘हाच रे, हाच रंग होता.’’

अडचण अशी होती की जुना थर काढताना ही पट्टीही जाणार. म्हणजे रंगाचा नमुना आधी जुळवायचा आणि मग रिमला हात लावायचा. इथं अण्णा आले.

अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका डायहाउसमध्ये सुताच्या लड्या रंगवण्यात उभं आयुष्य घालवलेले. चादरी आणि टॉवेलच्या या गावात रंग जुळवणाऱ्यांची नजर किती तयार असते हे ऐकून होतो, ते समोर बघितलं. मी रिम त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उचलून उत्तरेकडच्या दारात नेली, आतली पट्टी तिरकी धरून बघितली, पुन्हा सरळ धरून बघितली आणि म्हणाले, ‘‘ट्यूबलाइटखाली शेड बघायची नसती ओ. माणूस फसतंय. सकाळी या.’’ त्यांना ॲल्युमिनियमचा अनुभव नव्हता. मी छिद्रांचं, थराचं, सीलिंगचं सांगितलं. त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘पाणी कुठलं वापरणार?’’

या प्रश्नावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. सोलापूरला नळाचं पाणी मुख्यतः उजनी धरणातून येतं आणि तेही काही दिवसांआड. म्हणून कारखान्यांतून बोअरचं पाणी सर्रास चालतं, आणि बोअरचं पाणी जड. ॲनोडायझिंगच्या द्रावणात क्लोराइड आलं की ऑक्साइडचा थर जागोजागी फुटतो आणि धातूत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. सीलिंगच्या पाण्यात सिलिकेट किंवा फॉस्फेट असलं तर छिद्रांची तोंडं नीट मिटत नाहीत. क्षार असले तर पृष्ठभागावर पांढरी साय धरते. अण्णांना ही रसायनं नावानं माहीत नव्हती, पण जड पाण्यात शेड मरते हे त्यांनी रोज बघितलेलं. म्हणून ठरलं: पहिल्या धुण्याला नळाचं पाणी चालेल. ॲसिडचं द्रावण, शेवटचं धुणं, रंग आणि सीलिंग या चारही ठिकाणी फक्त डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं, बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते. रिमसारखी मोठी वस्तू बुडवायची तर प्रत्येक टाकी सत्तर लिटरच्या घरात जाते. या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त ओझं वाहिलं ते या पाण्याचं.

सोनेरी रंगासाठी काय घ्यायचं यावर मी बराच विचार केला होता. सेंद्रिय सोनेरी रंग मिळतात आणि ते दिसायला सुरेख असतात, पण त्यांतले बरेचसे उन्हात विटतात. मामांच्या रिमचं तेच झालं असावं असं मला वाटतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढं जातो, ऊन सकाळी नऊलाच चटके देतं. तिथं असा रंग टिकणार किती? म्हणून फेरिक अमोनियम ऑक्झलेट घेतलं. हे हिरवट स्फटिक असतात. पाण्यात विरघळवून त्यात ॲनोडाइज केलेला तुकडा बुडवला की छिद्रांत लोहाचा ऑक्साइड बसतो आणि तोच सोनेरी दिसतो. हा खनिज रंग आहे, ऊन त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. इमारतींच्या बाहेरच्या सोनेरी सेक्शनवरही हाच वापरतात.

नमुन्यासाठी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचे तुकडे आणले. रंगाचं द्रावण लिटरला पंधरा ग्रॅमचं, पन्नास अंशांवर, पीएच पाचच्या आसपास. अण्णा पीएच पेपर घेऊन बसले. तुकडा आत गेला की आधी लिंबासारखी छटा येते, मग ती पिवळी होते, मग सोनेरी. तसाच राहू दिला तर तांबूस-तपकिरीकडं झुकते. अण्णा दर अर्ध्या मिनिटाला एक तुकडा बाहेर काढत, धूत आणि क्रमानं मांडत गेले. पण रिमच्या पट्टीशी तुलना त्यांनी तिथं केलीच नाही. सगळे तुकडे आधी सील करून घेतले, वाळवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पट्टीशेजारी धरले. ‘‘ओल्यावर शेड ठरवली की माल परत येतो,’’ एवढंच म्हणाले. तीन मिनिटांच्या आसपासचा तुकडा पट्टीशी जुळला. त्यांनी त्याच्या मागं खूण केली आणि तो तुकडा वहीत कागदात गुंडाळून स्वतःकडं ठेवला.

मग जुना थर काढणं. फॉस्फोरिक आणि क्रोमिक ॲसिडच्या गरम मिश्रणात ऑक्साइड विरघळतो आणि धातूला धक्का लागत नाही, ही सर्वांत सभ्य पद्धत. पण त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम जहाल विषारी आहे आणि ते सांडपाण्यात सोडणं मला मान्य नव्हतं. म्हणून कॉस्टिक सोडा, पण जपून. लिटरला पन्नास ग्रॅम, तापमान पन्नास-पंचावन्न अंश. कॉस्टिक ऑक्साइड खातो आणि ऑक्साइड संपला की तितक्याच आनंदानं धातूही खायला लागतो. त्यामुळं रिम आत टाकून चहा प्यायला जायचं काम नव्हतं. अर्धा मिनिट आत, बाहेर, धुणं, बघणं.

बघायचं कसं, याची एक साधी युक्ती फार उपयोगी पडली. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड वीज वाहू देत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं रिमवर हलकेच आडवी टेकवायची, टोचायची नाहीत, कारण टोक थर भेदून आत जाऊ शकतं. आवाज आला नाही म्हणजे थर शिल्लक आहे. बीप वाजला म्हणजे उघडा धातू. बाहेरच्या उन्हाकडच्या बाजूला बीप आधी वाजायला लागला, आतली न विटलेली पट्टी शेवटपर्यंत मुकी राहिली. जिथं थर गेला तिथून बुडबुडे जोरात यायला लागतात, तीही एक खूण. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून शेजारी ज्योत नको. निपलच्या छिद्रांजवळ शेवटचे ठिपके राहिले होते, ते रिम पूर्ण न बुडवता ब्रशनं कॉस्टिक लावून काढले. बाहेर काढलेली रिम करडी-काळी दिसते, बोटाला काजळ लागतं. मिश्रधातूतले जे घटक कॉस्टिकमध्ये विरघळत नाहीत त्यांचा तो थर. पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये ती काजळी पाहता पाहता निघून गेली आणि खाली चांदीसारखा, थोडा मंद धातू दिसला.

आता खड्डे स्पष्ट झाले. निपलचा धातू वेगळा, रिमचा वेगळा, मधे ओलावा आणि मीठमाती. अशा जोडीत ॲल्युमिनियम आधी झिजतं, त्याचे ते व्रण. वेल्डिंगनं भरायचा विचार एकानं सुचवला. पण ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला सर्रास वापरतात ती ४०४३ची सळई सिलिकॉनवाली असते आणि ॲनोडायझिंगनंतर ती जागा काळपट उठून दिसते. शिवाय जुन्या रिमला उष्णता देऊन तिची ताकद घालवायची नव्हती. बारीक होते ते पॉलिशमध्ये गेले. जे खोल होते ते तसेच ठेवले. त्यांच्यासाठी धातू खाली उतरवत नेला असता तर निपल बसतो तिथली जाडी कमी झाली असती. गाडी चालवायची आहे, काचेच्या कपाटात ठेवायची नाही.

पॉलिशचं काम कंटाळवाणं, पण सगळा चकाकता भाग इथंच ठरतो. ॲनोडायझिंग काहीच झाकत नाही. धातूवर जो ओरखडा आहे तो सोनेरी होऊन तसाच दिसणार. ३२०च्या वॉटर पेपरपासून १२००पर्यंत गेलो. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदलायची म्हणजे मागच्या नंबरच्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. मग सुती बफ, म्हणजे फिरणारं कापडी चाक, आणि पॉलिशचा पांढरा साबण. ठशावर मी बफ फिरवलाच नाही, ती जागा कापडाच्या चिंधीनं हातानं केली. ‘जपान’मधली अक्षरं कडेनं तेवढीच तीक्ष्ण राहिली आहेत.

बफच्या साबणातलं मेण निपलच्या छिद्रांच्या खाचांत अडकतं. ते काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोमट पाण्यात साधं डिटर्जंट आणि मऊ ब्रश. स्वच्छ झाल्याची कसोटी अशी की रिमवर पाणी ओतलं तर त्याचा अखंड पडदा धरला पाहिजे. पडदा कुठं फाटला, थेंब गोळा झाले, तर तिथं अजून तेलकटपणा आहे. इथून पुढं उघड्या हातानं रिमला शिवायचं नाही.

मुख्य काम जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास काढलं, ते थंडी बघूनच. गंधकाम्लाच्या ॲनोडायझिंगला द्रावण अठरा ते बावीस अंशांत राहावं लागतं. गरम द्रावणात ॲसिड तयार होणारा थर लगोलग विरघळवत राहतं आणि थर मऊ, भुसभुशीत होतो. हे नुसतं वाचून सोडायचं नव्हतं, म्हणून खिडकीचा एक तुकडा मुद्दाम तिशीतल्या द्रावणात करून बघितला. वाळल्यावर बोट फिरवलं तर खडूसारखी पूड लागली. सोलापुरात मे महिन्यात तर टाकीतलं पाणी नुसतं ठेवलं तरी तिशीच्या वर असतं. जानेवारीतल्या पहाटे मात्र निसर्गच निम्मं काम करतो.

उरलेलं निम्मं बर्फानं केलं. हिशोब असा. अठरा इंची रिमचं आतलं-बाहेरचं क्षेत्रफळ धरलं तर सत्तावीस-अठ्ठावीस चौरस डेसिमीटर भरतं. दर चौरस डेसिमीटरला १.३ अँपिअर या दरानं पस्तीस-छत्तीस अँपिअर लागतात. पंधरा व्होल्टच्या आसपास ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत सत्तर लिटरचं द्रावण पाच अंशांनी तापवायला ती पुरते. ती शोषून घ्यायला चार-पाच किलो बर्फ लागतो. बर्फ थेट द्रावणात टाकायचा नाही, त्यातलं पाणी नळाचं असतं. आम्ही डीएम वॉटरच्याच बाटल्या गोठवून झाकण घट्ट लावून सोडल्या. एखादी फुटली असती तरी आतलं पाणी शुद्धच होतं.

द्रावणासाठी बॅटरीचं ॲसिड घेतलं. त्याची घनता १.२५ असते, त्यात निम्म्यापेक्षा थोडं जास्त पाणी धरलं की लिटरला एकशे नव्वद ग्रॅमच्या जवळपास येतं. पाणी आधी टाकीत, मग त्यात ॲसिड, बारीक धारेनं. उलट कधीच नाही. रिम उभी टांगली, दोन्ही बाजूंना लेडचे पत्रे ऋण टोकाला. उभी टांगण्याचा फायदा असा झाला की टायर बसतो त्या खोबणीत खालच्या बाजूला अडकणारा वायू निपलच्या छिद्रांतून वर निघून जात होता. टांगायची पट्टी ॲल्युमिनियमचीच हवी, कारण तांबं किंवा लोखंड द्रावणात गेलं तर वीज तिकडंच पळते आणि तो धातू विरघळून द्रावण नासतं. संपर्काच्या जागी रंग धरत नाही, म्हणून पट्ट्या आतल्या बाजूला, जिथं पुढं टायर येणार तिथं कसून आवळल्या. छत्तीस अँपिअर सहन करायचे तर संपर्क ढिला राहून चालत नाही.

मित्रानं व्होल्टेज हळूहळू चढवलं. रिमवर दिसेल न दिसेल असे बारीक बुडबुडे, पत्र्यांवर मात्र भरपूर. मी थर्मामीटरवरून नजर काढली नाही, बाटल्या बदलत राहिलो. चाळीस मिनिटांत या दरानं पंधरा-सोळा मायक्रॉनचा थर वाढतो, सोनेरीला तो पुरेसा. शेवटी शेवटी तोच प्रवाह टिकवायला व्होल्टेज थोडं वाढवावं लागलं. थर जाड होत असल्याची ती खूण.

बाहेर काढलेली रिम जवळजवळ तशीच दिसते, जराशी धुकट. नवख्याला वाटेल काही झालंच नाही. पण त्या क्षणी ती सगळ्यांत नाजूक असते. छिद्रं उघडी आहेत, बोटाचा तेलकट ठसा लागला तर तो कायमचा. आणि छिद्रांत ॲसिड आहे. ते नीट धुतलं नाही तर नंतर निपलच्या भोकांतून झिरपून पांढरे ओघळ पाडतं. म्हणून धुणं लांबलं. प्रत्येक भोकात पिचकारीनं पाणी मारलं, मग खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी, मग पुन्हा डीएम.

रंगाची टाकी अण्णांनी डायहाउसमधून आणलेलं स्टीलचं टब होतं. सूत रंगवताना मिठाचा वापर भरपूर असतो, त्यामुळं ते टब त्यांनी स्वतः उभं राहून पुन्हा पुन्हा धुऊन घेतलं होतं. शेवटचं पाणी जिभेवर ठेवून बघणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. रिम आत गेल्यावर अण्णा एका जागी थांबले नाहीत. ती सतत हलवत, फिरवत राहिले, जसं लडी फिरवतात. स्थिर ठेवली तर खालच्या अर्ध्याला रंग वेगळा लागतो, हे त्यांचं ज्ञान सुतावरचं, पण रिमवर तंतोतंत लागू पडलं. त्यांनी घड्याळ मला दिलं होतं, स्वतः बघत होते फक्त रंग. अडीच मिनिटं झाली तेव्हा त्यांनी रिम वर घेतली, वहीतला तुकडा काढून शेजारी धरला, पुन्हा बुडवली. आणखी थोडा वेळ. मग, ‘‘बास.’’ खिडकीच्या तुकड्याचा आणि रिमचा मिश्रधातू एक नव्हे, त्यामुळं घड्याळावर विसंबून चालणारच नव्हतं. ओल्या रिमवरून सील केलेल्या तुकड्याचा रंग ओळखणं हे घड्याळाचं काम नव्हे, नजरेचंच. दुसरी रिमही त्यांनी त्याच टबात, त्याच बैठकीत केली. द्रावण थंड होऊन उद्यावर गेलं की शेड हलते, असं त्यांचं म्हणणं.

सीलिंगला पाणी शहाण्णव अंशांच्या वर हवं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, म्हणजे काम भागतं, पण वाव फार नाही. झाकण ठेवून उकळी धरून ठेवली. मायक्रॉनला अडीच मिनिटं या हिशोबानं चाळीस मिनिटं. गरम पाण्यात ऑक्साइड पाणी धरून फुगतो आणि छिद्रांची तोंडं आपोआप मिटतात. बाहेर काढून वाळल्यावर आतल्या बाजूला मार्कर पेनचा ठिपका दिला, थोडा वेळ थांबून ओल्या फडक्यानं पुसला. डाग राहिला नाही. राहिला असता तर छिद्रं उघडी आहेत असं समजून पुन्हा पाण्यात टाकावी लागली असती. मल्टिमीटरही लावून बघितलं, कुठंच बीप नाही.

वापरलेलं ॲसिड आणि कॉस्टिक मित्राच्या युनिटमध्येच एकमेकांनी आणि चुन्यानं उदासीन करून त्याच्या नेहमीच्या व्यवस्थेत गेलं. हे आधी ठरवल्याशिवाय काम सुरूच करू नये.

स्पोक नवे घेतले, प्रत्येक चाकाला छत्तीस. उतरवण्याआधी काढलेले फोटो आणि हबपासून रिमच्या कडेचं मोजलेलं अंतर इथं कामाला आलं. निपल बसवताना प्रत्येकाच्या बुडाशी ग्रीसचा ठिपका लावला, धातूला धातू थेट घासू नये आणि पाणी आत बसू नये म्हणून. विजापूर वेशीजवळचे आमचे जुने सायकलवाले काका चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढण्यात पटाईत आहेत. त्यांनी पान्ह्याला कापड गुंडाळूनच निपल आवळले, मी सांगायच्या आधीच. टायर चढवायच्या पट्ट्यांखाली (टायर लिव्हरखाली) जाड प्लास्टिकचे तुकडे घातले.

उन्हात ठेवल्यावर दोन रिममध्ये बारीकसा फरक दिसतो, मागची किंचित गडद आहे. पुढच्या-मागच्या रिम एकाच घाण्यातल्या असतीलच असं नाही, आणि मिश्रधातू जरा वेगळा असला तर तोच थर, तोच रंग थोडा वेगळा दिसतो. मामांना मी ते दाखवलं. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, पुढच्या रिमवरचा ठसा बोटानं चाचपला आणि विचारलं, ‘‘पुन्हा उतरवणार नाहीस ना?’’ नाही उतरवणार. दर वेळी थर काढताना थोडा धातू जातोच.

आता एकच काळजी घेतो. वॉशिंग सेंटरवर गाडी देत नाही. तिथल्या फोमचे आणि चाकं उजळवणाऱ्या द्रवांचे बरेचसे प्रकार तीव्र अल्कलीचे किंवा ॲसिडचे असतात आणि ॲनोडायझिंगचा थर दोन्हींना भीत असतो. साधं शाम्पूचं पाणी, मऊ फडकं आणि पावसाळ्यात निपलभोवतीचा चिखल वाळायच्या आत धुणं, एवढं पुरतं. अण्णांच्या वहीतला तो खिडकीचा तुकडा अजून त्यांच्याकडेच आहे. परवा टॉवेलच्या कुठल्याशा ऑर्डरला सोनेरी किनार लागणार होती, तेव्हा त्यांनी तो गिऱ्हाइकाला दाखवला म्हणे.